नाकाच्या जोरावर नोकरी

फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या नाशकात एक आगळाच निरोप समारंभ झाला. सजवलेली गाडी, भोवती सहकारी पोलिसांचा गराडा, कुणाचे डोळे भरून आलेले. निवृत्त होणारे गृहस्थ मात्र शांत! नाव स्पाइक. शहर पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात अकरा वर्षं नोकरी केलेला कुत्रा.

परवा चौथीच्या वर्गात मी ही हकिगत सांगितली, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग त्याला पेन्शन मिळतं का?" वर्ग खो खो हसला. मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी कणीक मळतानाही तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याचं एवढं काय कौतुक? तर मुंबईच्या 'जंजीर'ची गोष्ट ऐका. पिवळसर तांबूस लॅब्रॅडॉर, नाव अमिताभच्या सिनेमावरून ठेवलेलं. शिक्षण पुण्याला, पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. १९९२ च्या अखेरीस तो मुंबईच्या पथकात दाखल झाला आणि १२ मार्च १९९३ ला मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले. २५७ माणसं गेली. त्या वेळी जंजीर जेमतेम सव्वा वर्षाचा होता. तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका बेवारशी स्कूटरपाशी तो थबकला. स्कूटरमध्ये स्फोटकं ठासून भरलेली! त्या काळात त्याने हुडकून दिलेल्या मालाचा हिशेब असा सांगतात: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं. महिन्याच्या वाण्याच्या यादीत आपण दोन किलो साखर लिहितो, त्यावरून ३,३२९ किलोचा अंदाज करा.

हा माल आला कुठून? रायगडच्या किनाऱ्यावरून, दिघी आणि शेखाडीला, १९९३ च्या सुरुवातीला. याच वाटेने पूर्वी वर्षानुवर्षं चोरटं सोनं, चांदी, घड्याळं येत. आपल्या आयांच्या पिढीत 'फॉरेनची साडी' म्हणून मिरवलेल्या कित्येक नायलॉनच्या साड्याही अशाच आलेल्या, खोटं कशाला बोला! तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग त्याच वाटेने आरडीएक्स आलं. त्याला वाट करून दिल्याबद्दल २००६ मध्ये विशेष न्यायालयाने कस्टमच्या आणि पोलिसांच्या काही माणसांना दोषी ठरवलं. माणसांनी पैसे घेऊन नाक मुठीत धरलं आणि निस्तरायला लागलं कुत्र्याला. माझं मत विचाराल तर या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोचतं ते हेच.

आता हे नाक चालतं कसं? शेजारी मसाला भाजत असला की आपण म्हणतो, "वा, मसाल्याचा वास!" कुत्र्याला मात्र त्यातले धणे, लवंगा, खोबरं, दगडफूल सगळं वेगवेगळं कळतं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात वीस-तीस कोटींपर्यंत. शिकवणी म्हणजे तर लपाछपीच. ठराविक वास हुडकला की चेंडू मिळतो, शाबासकी मिळते. त्याला स्फोटकाशी देणंघेणं नसतं, त्याला हवा असतो चेंडू. (अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्याला आधी व्यसन लावतात, ही निव्वळ भाकडकथा.) बॉम्बशोधक कुत्रा माल सापडल्यावर भुंकत नाही, उकरत नाही, गुपचूप बसतो. पंजा मारला तर स्फोट व्हायचा! उन्हात धापा टाकायला लागला की मात्र त्याचं हुंगणं मंदावतं, म्हणून मध्ये मध्ये विसावा द्यावाच लागतो.

तेव्हा स्टँडवर किंवा स्टेशनवर असा कुत्रा दिसला तर मुलांना "भूभू, भूभू" करत पुढे लोटू नका आणि कौतुकाने बिस्किट तर मुळीच टाकू नका. तो कामावर असतो.

जंजीर नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने गेला. वय अवघं आठ. त्याला इतमामाने मूठमाती दिली, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पुष्पचक्र वाहिलं. पण सगळ्यांचं नशीब असं कुठलं! आपल्या सैन्यातल्या निवृत्त कुत्र्यांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवत, हे २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून उघड झालं, तेव्हा मोठा गहजब झाला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सरकारने त्यांच्या म्हातारपणाची सोय करायचं कबूल केलं. पोलिसांतल्या कुत्र्यांना पुष्कळदा त्यांचा हँडलरच घरी नेतो. ज्याने वर्षानुवर्षं हाताने भरवलं, अंग पुसलं, त्याला तरी दुसरीकडे सोडवेल का?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "पेन्शन नाही गं मिळत, पण कुणीतरी घरी नेतं." ती पोर जरा विचारात पडली आणि म्हणाली, "आमच्या घराला अंगण आहे, बाई. कुणाला सांगायचं?"