एकच कसोटी, दोन ट्राय

आपल्या वस्तीत लहान मूल चालू लागले की त्याच्या हाती बॅट येते. रग्बी लीग हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसेल. पण या खेळाचा जन्म कामगाराच्या बुडालेल्या मजुरीतून झाला, हे वाचक बंधू-भगिनींनी ध्यानात घ्यावे. उत्तर इंग्लंडातील गिरण्या-खाणींतले मजूर शनिवारी खेळायला गेले की त्यांचा खाडा पडे. त्याची भरपाई देण्यास रग्बीचे वरिष्ठ राजी होईनात. अखेर १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक होऊन २२ क्लबांनी वेगळी चूल मांडली.

अशा या कष्टकऱ्यांच्या खेळातही कातडीचा रंग आडवा आला. रॉय फ्रान्सिस हे कृष्णवर्णीय खेळाडू. जन्म १९१९ चा, वाढले वेल्समधील ब्रिनमावर गावी. सतराव्या वर्षी विगन क्लबने त्यांना घेतले, पुढे ते बॅरोकडे गेले. विंगवरून पळत सुटले की हाती लागत नसत.

१९४६ साली ब्रिटनचा संघ विमानवाहू युद्धनौकेतून ऑस्ट्रेलियाला निघाला. बॅरोचेच विली हॉर्न गेले, फ्रान्सिस यांचे नाव यादीत नव्हते. ऑस्ट्रेलियात तेव्हा गोऱ्यांपुरता देश राखण्याचे सरकारी धोरण होते. यजमानांची मर्जी जाऊ नये म्हणून त्यांना गाळले, असेच मानले जाते. म्हणजे अन्याय करणारा समोर नव्हताच, त्याची भीती पुरेशी झाली!

डिसेंबर १९४७ मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध ते खेळले. ग्रेट ब्रिटनकडून खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय. दोन ट्राय केले. एका ट्रायचे तेव्हा ३ गुण. ब्रिटन जिंकले. पण पुन्हा कसोटीचे बोलावणे आले नाही.

ते खचले नाहीत. हल क्लबचे प्रशिक्षक होऊन त्यांनी १९५६ व १९५८ साली संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. चित्रफिती दाखवून ते खेळाडूंच्या चुका समजावत. खेळाडूंच्या बायकामुलांना सामन्याला आणण्यासाठी वाहनाची सोय करत. घर नाराज असेल तर मैदानावर पाय उचलत नाही, हे त्यांना नेमके कळले होते. १९६८ साली वेम्बलीवर भर पावसात त्यांच्या लीड्स संघाने वेकफील्डला ११-१० असे हरवून चॅलेंज कप जिंकला.

१९८९ साली ते वारले. ब्रिनमावरमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२३ साली.