सात ट्रक सोयाबीन, वीस किलोला अठ्ठेचाळीस दाणे कमी

मेहकर तालुक्यातल्या जानेफळकडचं पीक सोयाबीन. शंभर दाण्यांचं वजन दहा ग्रॅम धरू, म्हणजे किलोला दहा हजार दाणे. आता या मापानं गणितातलं एक धूड मोजू.

धुडाचं नाव ई-८. चेंडू कसाही फिरवा, तसाच दिसतो. अशा सगळ्या फिरवण्यांचा मिळून एक ‘ली गट’ होतो. चेंडूच्या गटाला ३ मिती, ई-८ ला २४८. त्याच्या गाभ्यात ज्या मूळ उलथापालथी आहेत, त्यांची संख्या ६९,६७,२९,६००. प्रत्येकीमागे एक दाणा ठेवला तर ७० टन सोयाबीन, म्हणजे दहा टनी सात ट्रक.

प्रत्येक उलथापालथीचा प्रत्येकीशी संबंध मांडायला तक्ता आखला, तर घरं होतात सुमारे ४.८५ परार्ध. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यांची शिडी परार्धाशीच संपते! ई-८ च्या एका धाकट्या भावंडाचा असा तक्ता २००७ मध्ये संगणकानं पुरा केला. ४,५३,०६० ओळी, तितकेच स्तंभ. घरं २०,५२६ कोटी.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. गट जिथे प्रत्यक्ष काम करताना दिसतो, ती त्याची ‘प्रतिरूपणं’. त्यांतली लांबी जशीच्या तशी राखणारी ती ‘युनिटरी’. क्वांटम भौतिकीला तीच लागतात; ती ओळखायची कशी? प्रतिरूपणं अनंत आहेत. अनंत ढीग मोजून संपत नाही, तो पाखडावा लागतो.

त्यासाठीचं सूप मुंबईत विणलं गेलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आर. पार्थसारथी यांनी १९७२ मध्ये डिरॅकचं इलेक्ट्रॉनसाठीचं १९२८ चं समीकरण ली गटांच्या रानात आणलं. त्यातून एक असमानता निघाली, ती वजनकाट्यासारखी. प्रतिरूपण युनिटरी असेल तर काटा शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. गेला, की ते बाद. काटा नेमका शून्यावर टेकतो तिथे ‘डिरॅक कोहोमॉलॉजी’ सापडते. ही कल्पना गणितज्ञ व्होगन यांनी १९९७ मध्ये मांडली आणि त्यांचं अनुमान हुआंग व पांजिच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं.

पुढे बारबाश आणि पांजिच यांनी संमिश्र गटांसाठी दाखवलं, की काटा शून्यावर यायचा तर प्रतिरूपणामागची उलथापालथ दोनदा केल्यावर सगळं जिथल्या तिथे यायला हवं. ई-८ मध्ये अशा उलथापालथी किती? १,९९,९५२. सात ट्रकांतून उरलं वीस किलोचं पोतं, तेही अठ्ठेचाळीस दाणे कमी!

आता एसएल(३०) हा दुसरा संमिश्र गट घ्या. त्याच्या उलथापालथी ३०×२९×२८×…×१. तेवढ्या सोयाबीनचं वजन चार हजारांहून जास्त पृथ्वींइतकं. डिरॅकच्या काट्यावर नेमकी बसणारी आणि लहान गटांकडून उसनी न आलेली त्याची प्रतिरूपणं मात्र २ चा २८ वा घात, म्हणजे २६,८४,३५,४५६. तीन ट्रकही पुरते भरत नाहीत. डोंग आणि वाँग यांनी सिद्ध केलेला नियम इतकाच: गटाच्या आकड्यातून दोन वजा करा आणि एकाची तितक्यांदा दुप्पट करा. त्यासाठी एकही दाणा मोजावा लागला नाही.