दार ठोठावण्याआधीची ओळख

देवणी म्हटले की लोकांना इथले देवणी बैल आठवतात. कर्नाटकच्या सीमेलगतच्या या तालुक्यात ‘ड्रग्ज’ हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे मुंबईच्या बातम्यांतच वाचत आलो. एप्रिल २०२५ मध्ये तो आपल्या लातूर जिल्ह्यात येऊन पोहोचला. चाकूर तालुक्यातील रोहिणा गावी केंद्रीय महसूल गुप्तचर खात्याने धाड घालून ११ किलोहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, जप्त केले. अटक झालेल्यांत एक पोलीस कर्मचारीही होता. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण तेव्हापासून आमच्या घरांत दोन भीती नांदतात. मुलगा नशेच्या नादी लागेल ही एक, आणि नशेच्या नावाखाली पोलीस निर्दोष मुलाला उचलतील ही दुसरी.

दुसरी भीती पहिलीला खतपाणी घालते. गल्लीत पुडी कोण विकतो, हे आधी शेजाऱ्यांना कळते. पण ठाण्याची पायरी चढायलाच भीती वाटत असेल, तर ती बातमी गल्लीतच राहते आणि विकणारा निर्धास्त होतो.

बंदुकीने हा प्रश्न सुटतो का? ब्राझीलच्या रिओ शहरात पोलीस चिलखती गाड्या घेऊन वस्त्यांत शिरतात. २८ ऑक्टोबर २०२५ च्या एकाच कारवाईत तिथे १२० हून अधिक माणसे मेली. त्यांत पोलीसही होते. ज्या वस्तीत पोलीस असे येतात, तिथली आई त्यांच्याकडे मदत मागायला कशी जाईल?

आपल्या महाराष्ट्रात याच्या उलट उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. तिथे प्रश्न दंगलीचा होता, इथे नशेचा आहे. पण ओळख संकटाच्या आधी व्हावी लागते, हा धडा दोन्हीकडे लागू आहे.

कायदाही आपण समजून घेतला पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याची मागणी करता येते. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. विनाकारण त्रास देणारी झडती हा अधिकाऱ्याचा गुन्हा आहे. तसेच खोटी खबर देणे हाही गुन्हाच. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ६४-अ: नशा केल्याचा किंवा अगदी थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्या आरोपातून त्याची सुटका होऊ शकते. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

म्हणून मुलाच्या खिशात पुडी सापडली, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ती लपवू नका. आधी त्याला जवळ घ्या, मग डॉक्टरांकडे न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तस्करीची खबर देण्यासाठी १९३३ हे सरकारी क्रमांक आहेत. मशिदीच्या आणि मोहल्ल्याच्या जबाबदार मंडळींनीही ठाणेदारांना चहाला बोलवावे. आपली मुले त्यांना नावाने ठाऊक असावीत. नशा हराम आहे हे आपण मुलांना सांगतोच. चुकलेल्याला परत येण्यासाठी दार उघडे आहे, हेही सांगू या.