बिटकॉइनचे मोल व रुपयांची मोजदाद

वर्षाच्या धान्याची बेगमी करण्यासाठी उन्हाळ्यात भुसार बाजाराची एक फेरी करावयाची, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. हा बाजार भवानी व नाना पेठांत होता तेव्हा वडील तिकडे जात. तो गुलटेकडीस मार्केट यार्डात आला तेव्हापासून आम्ही तेथे जातो. २०२५ च्या मे महिन्यात अशाच एका फेरीस पुतण्या बरोबर होता. गहू व तूरडाळ घेऊन झाली, मी नोटा मोजून दिल्या, आणि बाहेर पडता पडता तो म्हणाला, "काका, या नोटांवर तुमचा केवढा विश्वास! पण देशातील साऱ्या नोटा एकत्र केल्या, तरी एकट्या बिटकॉइनची किंमत त्यांच्या चौपटीहून अधिक भरते. जी वस्तू रुपयाहून मोठी झाली, ती बुडेल कशी?"

हा प्रश्न केवळ वादासाठी नव्हता. आमचे दादा, म्हणजे त्याचे वडील, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना एकरकमी मिळालेल्या पैशांतून निम्मी रक्कम बिटकॉइनमध्ये घालावी, असा त्याचा आग्रह होता. आणि त्या आग्रहाचा मुख्य आधार हीच तुलना होती. म्हणून ती नीट तपासून पाहणे मला अवश्य वाटले.

प्रथम आकडे पाहू. त्या सुमारास बिटकॉइनची सुमारे १ कोटी ९८ लाख नाणी अस्तित्वात होती आणि प्रत्येकाचा भाव एक लाख डॉलरांच्या आसपास होता. गुणाकार केला म्हणजे सुमारे २ लाख कोटी डॉलर होतात. ८५ रुपयांचा डॉलर धरता १७० लाख कोटी रुपये. उलटपक्षी, २०२५ च्या मार्चअखेर भारतात चलनात असलेल्या नोटांची किंमत सुमारे ३७ लाख कोटी रुपये होती. तेव्हा पुतण्याचे गणित चुकले नव्हते. प्रश्न एवढाच, की या दोन आकड्यांची जात एक आहे काय?

हे समजण्यास मार्केट यार्डासारखी दुसरी शाळा नाही. येथील कांदा-बटाटा विभागात कांद्याचा भाव दहा किलोस अमुक असा बोलतात. रविवारी आवक मोठी असते. समजा, एखाद्या रविवारी शंभर ट्रक माल आला आणि दहा किलोस दोनशे रुपये भाव निघाला. आता कोणी चतुर गृहस्थाने महाराष्ट्रातील प्रत्येक चाळीतील कांदा वजन करून त्यास याच भावाने गुणिले आणि 'राज्यात इतक्या कोटींचा कांदा आहे' असे जाहीर केले, तर गुणाकार बिनचूक ठरेल. परंतु तेवढे रुपये कोणाच्याही हाती पडणार नाहीत. कारण दोनशेचा भाव शंभर ट्रकांपुरता आहे. तो सर्व कांदा एकाच पहाटे यार्डाच्या दाराशी उभा राहिला, तर दोनशेचे वीसही होणार नाहीत.

भाव गुणिले वजन म्हणजे हातात येणारी रक्कम नव्हे, हे आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा किलोस एक रुपया दराने विकला गेला. वाहतूक, हमाली, तोलाई वगैरे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. त्या पट्टीची वार्ता तेव्हा महाराष्ट्रभर गाजली होती.

बिटकॉइनची 'एकंदर किंमत' ही याच रीतीने काढलेली असते. शेवटचा जो व्यवहार झाला, त्याचा भाव सर्व नाण्यांस लावावयाचा. त्या दिवशी हात बदलणारी नाणी एकंदरीच्या मानाने थोडीच असतात. त्यांच्या चढाओढीने भाव एक हजार डॉलरांनी चढला, की एकंदर किंमत कागदोपत्री १,९८० कोटी डॉलरांनी वाढते. परंतु तेवढे डॉलर कोणी नव्याने बाजारात आणलेले नसतात. शिवाय ज्यांच्या गुप्त किल्ल्या कायमच्या हरवल्या, अशी नाणीही या बेरजेत धरलेली असतात. मूळ निर्मात्याची मानली जाणारी सुमारे दहा लाख नाणी तर वर्षानुवर्षे जागची हललेली नाहीत.

मग तो फुगवटा उतरतोही तसाच. २०२१ च्या नोव्हेंबरात एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलर होता. वर्षभराने तो १६,००० च्या आसपास आला. नाणी एकानेही कमी झाली नव्हती, पण एकंदर किंमत तीन चतुर्थांशांहून अधिक नाहीशी झाली. त्याच २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स नावाची मोठी पेढी कोसळली. तिच्या भगिनीसंस्थेच्या मालमत्तेचा मोठा हिस्सा म्हणजे त्या पेढीनेच काढलेली नाणी होती. ती शेवटच्या भावाने मोजली असता अब्जावधी डॉलरांची भरत. परंतु विकावयाची वेळ येताच सुमारे २२ डॉलरांचे नाणे आठवड्याच्या आत तीन डॉलरांखाली गेले.

आता दुसरे पारडे पाहू. रुपयांची मोजदाद भावाने करावी लागत नाही. शंभराची नोट शंभर रुपयांचीच असते. मात्र 'देशातील पैसा' म्हणजे निव्वळ नोटा नव्हेत, आणि पुतण्याच्या तुलनेतील दुसरा दोष हा. यार्डातील आडत्या दिवसाची रक्कम बँकेत ठेवतो, बँक तीतून एखाद्या व्यापाऱ्यास कर्ज देते, व्यापारी त्या कर्जातून माल घेतो आणि माल विकणारा ती रक्कम पुन्हा आपल्या खात्यावर जमा करतो. अशा रीतीने ठेवी नोटांच्या अनेकपट होतात. लोकांजवळील रोकड व बँकांतील चालू, बचत आणि मुदतीच्या ठेवी मिळून होणाऱ्या राशीस रिझर्व्ह बँक 'एम-३' म्हणते. ती २०२५ च्या मार्चअखेर सुमारे २७० लाख कोटी रुपयांची होती. म्हणजे नोटांशी तुलना केली तर बिटकॉइन साडेचारपट, आणि एम-३ शी केली तर दोनतृतीयांशाहूनही थोडे कमी! ज्याला जे सिद्ध करावयाचे, तो ते माप निवडतो.

येथे रुपयाची वकिली करताना त्याचा दोष झाकणे न्यायाचे होणार नाही. पुतण्याने तो बरोबर दाखविला. "काका, २०१६ च्या मार्चअखेर नोटा साडेसोळा लाख कोटींच्या होत्या, नऊ वर्षांत दुपटीहून वाढल्या. बिटकॉइन मात्र २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जावयाचे नाही." हे खरे आहे. नोटेवरील आकडा बदलत नसला, तरी त्या आकड्यात येणारी तूरडाळ कमी होत जाते. हे गृहिणीस वाण्याच्या यादीवरून दरसाल कळते. परंतु पुरवठा मर्यादित असला म्हणजे भाव स्थिर राहतो, असे नाही. मागणी ओसरली तर मर्यादित वस्तूही स्वस्त होते; वर सांगितलेले २०२२ साल त्यास साक्ष आहे.

तात्पर्य, बिटकॉइनच्या एकंदर किमतीची तुलना करावयाचीच तर ती साठविलेल्या सोन्याशी किंवा कंपन्यांच्या भागांशी करावी. कारण त्यांचेही मोल शेवटच्या भावानेच काढतात. रुपयाचे काम निराळे आहे. यार्डात हमालाची हमाली, तोलणाराची तोलाई व शेतकऱ्याची पट्टी रुपयांत चुकती होते आणि सरकारचा करही रुपयांतच घेतला जातो. बिटकॉइन आपल्याकडे कायदेशीर चलन नाही. त्याचा व्यवहार करण्यास मनाई नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर बसतो.

मोठ्या आकड्याने माणूस दिपतो, हाच खरा धोका. दरमहा दहा टक्के परतावा देऊ, अशा आमिषाने बिटकॉइन गोळा करणाऱ्या योजनेच्या प्रकरणात २०१८ साली पुणे पोलिसांनी धरपकड केली होती. त्यात पोळलेले लोक अडाणी नव्हते. कित्येक चांगले शिकलेले होते.

घरी परतल्यावर दादांपुढे हे सर्व मांडले. मी पुतण्यास एवढेच सांगितले, "सगळ्या बिटकॉइनची किंमत किती, हे विचारू नकोस. वैनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ज्या महिन्यात ठरेल, त्या महिन्यात तुमची नाणी कोण घेईल, कोणत्या भावाने घेईल आणि कर वजा जाता हाती काय उरेल, हे विचार." तो बराच वेळ गप्प होता. पुढे बापलेकांनी मिळून ठरविले ते असे: दादांच्या रकमेस हात लावावयाचा नाही, पुतण्यास हौसच असेल तर त्याने स्वतःच्या पगारातून, गेली तरी घरखर्च अडणार नाही एवढीच रक्कम घालावी. मला तो निर्णय योग्य वाटला.