कापसाच्या पैशाची काच

दिग्रसच्या जिनिंगपासून मुंबईचा राजाबाई टॉवर लांब आहे, पण नात्यातला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि मनोऱ्याला पैसा दिला. त्यांच्या आईचं नाव मिळालेला हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. इथल्या खिडक्यांतल्या रंगीत काचांच्या दुरुस्तीचं काम केलं काचचित्रांच्या कलावंत स्वाती चंदगडकर यांनी. मनोऱ्याचं एकूण संवर्धन २०१५ मध्ये संपलं. फोर्टातल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगच्या काचाही त्यांच्याच हातून गेल्या आहेत.

अशा खिडकीतला बहुतेक रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात कोबाल्ट घातलं की निळा, मँगनीज घातलं की जांभळा. चेहरा, बोटं, कपड्यांच्या चुण्या मात्र वरून रंगवतात. धातूची भस्मं आणि काचेची पूड कालवून केलेला काळपट रंग कुंचल्यानं लावायचा आणि भट्टीत सहाशे अंशांच्या पुढे तापवायचा, म्हणजे तो काचेशी एकजीव होतो. मग सगळे तुकडे दोन्हीकडून खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख द्यायचा.

आधी दगा देतं ते शिसं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते फुगतं, आकसतं, थकतं आणि तावदानाला पोट सुटतं. आधाराच्या लोखंडी सळ्या खाऱ्या हवेत गंजून फुगतात आणि कडेची काच तडकवतात. कबुतरं आणि क्रिकेटचे चेंडू आहेतच.

दुरुस्ती सुरू होते कागदावर. प्रत्येक तावदानाचे फोटो, मग वर कागद ठेवून शिशाच्या रेषांचा घासून घेतलेला ठसा, त्यावर तुकड्यांचे नंबर. हा कागद हरवला तर पुढे शेकडो तुकड्यांचं कोडं सोडवत बसायचं. त्यानंतर जुनं शिसं कापून तुकडे सुटे करतात. धुण्याची घाई इथेच नडते. भट्टीत कच्चा राहिलेला रंग मळाबरोबर निघून जातो आणि पुसलेला चेहरा परत येत नाही. म्हणून शुद्ध पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, तोही आधी कोपऱ्यात फिरवून पाहायचा. (इथेही कापूसच!)

तडकलेली काच पारदर्शक इपॉक्सीनं सांधतात. तुकडा हरवलाच असेल तर त्या छटेची काच शोधायची, आणि माझ्या मते कलावंताची खरी कसोटी ही. स्वतःची चित्रं घडवू शकणाऱ्या हातानं इथे दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज कारागिराच्या वळणानं रेघ ओढायची असते. नवा तुकडा जुन्याहून देखणा निघाला, तर काम बिघडलं.

शेवटी नवं शिसं, नवा डाख, आणि फटींत जवसाचं तेल व खडूची भुकटी मळून केलेली लांबी. ती सुकायला चांगले काही दिवस लागतात. तोवर तावदान आडवंच ठेवतात. बदललेल्या तुकड्यावर, शिशाखाली झाकली जाईल अशा कडेला, तारीख कोरून ठेवण्याची चांगली पद्धत आहे. पुढच्या दुरुस्तीवाल्याला त्यावरून कळतं की जुनं कुठलं आणि भर कुठली.