'नॉनपरेल' म्हणजे परळ नव्हे!

माहुलच्या घरी बसून मेल उघडला. माझ्या लेखावर एडिटरचा एकच शब्द: 'नॉनपरेल'! धस्सच झालं. परळवर लिहिलं नाही म्हणून रिजेक्ट की काय? डिक्शनरी काढली. मूळ फ्रेंच: 'नॉन' म्हणजे नाही, 'पारेय' म्हणजे सारखा. १५व्या शतकात इंग्रजीत आलेला. कॅलिफोर्नियाच्या एका बदामाचंही हेच नाव! आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे अजोडच की!" खरंच, जोड नाही तो अजोड, उपमा नाही ती अनुपम. सगळ्यात भारी गोष्ट सांगायला दोन्ही भाषांना 'नाही'च लागतं. आपण मात्र वडापावपासून बॉसच्या प्रेझेंटेशनपर्यंत सगळ्याला 'बेस्ट' म्हणून मोकळे! मी ठरवलंय, हा शब्द जपून वापरायचा. पहिला मान माहुलच्या खाडीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंना. तुमचा कुणाला?