पाठीच्या कण्याचा संधिवात : वेळीच ओळख, वेळीच उपचार

कंबर दुखणे, पाठ धरणे या तक्रारी आपल्याकडे इतक्या सर्रास आढळतात की, त्यांकडे आजार म्हणून सहसा पाहिले जात नाही. शेतात दिवसभर ओणवे राहून काम केले किंवा ओझे वाहिले की कंबर भरून येते आणि चार दिवसांच्या विश्रांतीने मोकळीही होते. काही तरुणांच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते. विश्रांतीने त्यांचे दुखणे वाढते आणि हालचालीने ते कमी होते. कण्याच्या संधिवाताची हीच महत्त्वाची खूण होय.

झीज आणि दाह

मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ असे २४ मणके सुटे असून, त्यांतील बहुतेकांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. वयोमानानुसार या चकत्या झिजतात व मणक्यांच्या कडांवर हाड वाढते. या विकारास स्पाँडिलोसिस म्हणतात. तो बहुधा चाळिशीनंतर जाणवू लागतो.

अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस हा विकार याहून वेगळा आहे. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांना आणि अस्थिबंध हाडास जेथे जोडलेले असतात त्या जागांना दाह उत्पन्न करते. प्रारंभ बहुधा त्रिकास्थी व कमरेचे हाड यांमधील सांध्यांपासून होतो. पुढे दाहाच्या जागी नवे हाड तयार होऊन मणके एकमेकांस सांधले जाण्याचा संभव असतो. अशा रुग्णास मान वळविणे वा खाली वाकणेही कठीण होते.

लक्षणे व निदान

हा विकार बहुधा वयाच्या ४५ वर्षांपूर्वी सुरू होतो. तो पुरुषांप्रमाणेच स्त्रियांनाही होतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी कंबरदुखी, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक राहणारा ताठरपणा, उत्तररात्री दुखण्याने येणारी जाग आणि आलटून पालटून दुखणारे दोन्ही नितंब ही त्याची लक्षणे होत. काहींचा डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागतो. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांकडे त्वरित जावे.

एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाशी या विकाराचा असलेला संबंध १९७३ साली प्रकाशात आला. तथापि, हा घटक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा विकार होत नाही. त्यामुळे केवळ रक्ततपासणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रारंभीची काही वर्षे क्ष-किरण चित्रात दोष न दिसण्याचीही शक्यता असते; एमआरआय तपासणीत मात्र दाह लवकर दिसू शकतो. ताप, वजनातील घट किंवा पायांतील अशक्तपणा असल्यास कण्याचा क्षयरोग तर नाही ना, याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

उपचारांची दिशा

हा विकार समूळ नाहीसा करणारे औषध नसले, तरी तो आटोक्यात ठेवता येतो. दाहशामक गोळ्या हा पहिला उपचार होय. त्या जठर व मूत्रपिंडास अपाय करू शकतात. म्हणून दुकानातून परस्पर आणून त्या घेऊ नयेत. त्यांचा गुण न आल्यास जैविक औषधे दिली जातात. ही औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक असते.

औषधांइतकेच महत्त्व नित्य व्यायामाला आहे. पाठ ताणण्याचे व्यायाम, दीर्घ श्वसन आणि पोहणे यांमुळे कण्याची लवचीकता टिकण्यास मदत होते. सपाट, घट्ट अंथरूण व पातळ उशी वापरावी. धूम्रपान संपूर्ण वर्ज्य करावे. कणा ताठर झालेल्या रुग्णाच्या पाठीला जोरजोराने मालीश करणे किंवा पाठीवर पाय देऊन ती मोकळी करणे धोक्याचे आहे, कारण असा कणा ठिसूळ होऊन मोडू शकतो.

घरातील तरुण मुलगा वा सून सकाळी उठताना कंबर धरून बसत असेल, तर त्यास आळस समजू नये. जिल्हा रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. एकदा सांधले गेलेले मणके औषधांनी पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणूनच या विकारात वेळेला सर्वाधिक मोल आहे.